फुटाला इंच

आमच्या सांगलीच्या पोस्टासमोर शिट्टी वाजली, की पोस्टमास्तर हातातलं काम टाकून दोन आंतर्देशीय पत्रं आणि सुटे पैसे घेऊन पायऱ्या उतरत. नव्यानं बदलून आलेल्या एका पोस्टमास्तरांनी पहिल्या दिवशी घाबरून विचारलं होतं, "धाड आली का?" कारकून म्हणाला, "नाही साहेब, गिऱ्हाईक आलंय. ते वर येत नाही. आपण खाली जायचं असतं."

हे गिऱ्हाईक म्हणजे माझे शेजारी भूपालआप्पा मगदूम. रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा खात्यानं त्यांना हार आणि घड्याळ दिलं. शिट्टी त्यांनी आपली आपण घेतली. ज्या सार्वजनिक इमारतीला नुसत्या पायऱ्या आहेत तिच्यात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नेम होता. पोस्ट, बँक, नगरपालिका, सगळीकडे आप्पा खाली उभे राहून शिट्टी फुंकत आणि सरकार खाली उतरत असे. सरकारला इतक्या वेळा खाली उतरवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

वाचकांना वाटेल, गुडघे गेले असतील. साफ चूक. साठी उलटल्यावरही आप्पा परसातल्या नारळावर चढून स्वतः नारळ पाडत, आणि श्रावणात दंडोबाचा डोंगर चढून येऊन आम्हा बसणाऱ्यांना प्रसाद देत. पण पोस्टाच्या पायऱ्या म्हटलं की पाय रोवून उभे. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं.

"आवं हिशेबनीस, आदर्कीचा घाट चढून गाडी येती. कुटं हाय पायरी? इंजिन कवा पायरी चढलंय का?"

मी पाटबंधारे खात्यात हिशेब बघतो, म्हणून मी हिशेबनीस. एकदा मी म्हटलं, "आप्पा, पण मिरज स्टेशनच्या पुलाला पायऱ्या आहेत." आप्पा म्हणाले, "तो पूल मी बांधला न्हाई," आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

रेल्वेत ते लाईनवरचे इन्स्पेक्टर होते. चार गँगमन ट्रॉली ढकलायचे आणि हे छत्रीखाली बसून रूळ बघायचे. त्यामुळं की काय, जगातल्या प्रत्येक वस्तूला उतार असतो आणि तो 'फुटाला इंच' असला पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या नव्या मोरीत पाणी ओतून ते बघत बसले आणि म्हणाले, "कमी हाय." गवंड्याला पुन्हा बोलवावं लागलं. माझ्या पुतणीला बघायला मुलगा आला, त्याच्याशी आप्पा पाच मिनिटं बोलले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं बरं हाय, पण उतार जास्त हाय. घसरंल." लग्न मोडता मोडता राहिलं. जावईबापू आज तलाठी आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून घसरलेले नाहीत.

आता या शिट्टीचं खरं कारण सांगतो. ते आप्पांच्या घराच्या पुढच्या सोप्यात चाकाच्या खुर्चीवर बसलेलं असे.

चार वर्षांपूर्वी मणक्याचं दुखणं होऊन मगदूमकाकूंचे दोन्ही पाय गेले. हात मात्र शाबूत. भाकरी थापल्याचा आवाज आमच्या घरी ऐकू येई. खुर्ची मिरजेच्या इस्पितळातून जुनी विकत आणलेली. आप्पा ढकलू लागले की काकू म्हणत, "आयुष्यभर चौघांनी ह्यांना ढकललं. आता ह्यांची पाळी."

पाय होते तेव्हा काकू रोज दुपारी वाचनालयात जात. भक्तिपर वाचायला नव्हे. काकूंना रहस्यकथा लागत. आठवड्याला दोन खून झाले नाहीत तर त्यांना करमत नसे. पाय गेले आणि ते बंद झालं, कारण वाचनालयाचं जोतं साडेचार फूट उंच. तेव्हापासून आप्पांनी सगळ्याच पायऱ्या सोडल्या. बायको जिथं जाऊ शकत नाही तिथं मी जाणार नाही, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. म्हणायचे, "तत्त्वाचा प्रश्न हाय."

तत्त्वामुळं पुस्तकांची मात्र दैना झाली. आप्पा वाचनालयाच्या अंगणात उभे राहून शिट्टी मारत. व्हरांड्यात शिपाई दौलू येई.

"दौलू, रहस्य असलेलं पुस्तक दे रं!"

दौलू आत जाऊन ज्या पुस्तकावर 'रहस्य' लिहिलंय ते घेऊन येई. एकदा मोक्षाचं रहस्य आलं, एकदा दीर्घायुष्याचं आणि एकदा भरघोस ऊस पिकवण्याचं. आप्पा वजन बघून पुस्तक पिशवीत टाकत. वाचनाशी त्यांचा संबंध रेल्वेच्या टाइमटेबलापुरता. मग रात्री जेवताना भिंतीपलीकडून काकूंचा आवाज येई.

"आवं, मला खून पायजे! मोक्ष काय करायचाय मला?"

"मोक्षबी मेल्यावरच मिळतोय की. बघ, आत कुणीतरी मरत असंल."

"चार वर्सं झाली, एक धड मढं आणलं न्हाई तुमी!"

हे भांडण भाकरीपासून ताकापर्यंत चाले. आमच्याकडे रेडिओ होता, पण जेवताना आम्ही तो लावत नसू.

काकूंची मागणी एवढीच होती की एकदा कपाटापुढं जाऊन आपल्या हातानं पुस्तक काढता यावं. त्यासाठी पायऱ्यांशेजारी खुर्ची चढेल असा उतार हवा. वाचनालयाची जागा नगरपालिकेची, म्हणून आप्पांनी तिकडं अर्ज केला: 'वाचनालयास उतार मिळावा.'

दीड महिन्यानं उत्तर आलं. 'सदर मिळकतीचा उतारा हवा असल्यास सिटी सर्व्हे कचेरीत नकलेची फी भरून अर्ज करावा.'

आपल्याकडं सरकारी माणसाला 'उतार' दिसला की त्याचा हात आपोआप पुढं काना देतो. त्यात त्या कारकुनाचा दोष नाही. आप्पांनी दुसरा अर्ज केला: 'उतारा नको. चढण्यासाठी उतार पाहिजे.' त्यावर शेरा पडला, 'अर्जदाराची मागणी परस्परविरोधी आहे. फाईल करावे.'

तोवर गावभर झालं होतं की आप्पा वाचनालयाला उतारा मागताहेत. आता उतारा कागदाचा असतो तसा लिंबू-मिरचीचाही असतो. दौलू एक दिवस हात जोडून अंगणात आला.

"आप्पा, तुमचं माझं काय वाकडं हाय का? पायरीवर उतारा ठिवू नका. सकाळी पयलं दार मीच उघडतो. सगळं माझ्यावर यायचं."

"आरं येड्या, लिंबवाचा न्हाई, दगडाचा!"

"दगडाचा तर मी कवा ऐकलाबी न्हाई," दौलू आणखीच घाबरून म्हणाला. पुढं आठवडाभर तो मागच्या दारानं आत जात होता.

शेवटी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सभा भरली. अध्यक्ष दादासाहेब, वकील. मी हिशेब तपासनीस म्हणून हजर. आप्पा तत्त्वामुळं अंगणात, खिडकीखाली एका दगडावर उभे. आतून फक्त त्यांची टोपी दिसत होती. सुरुवातीलाच दादासाहेबांनी "मगदूमांच्या दुखण्याला लवकर उतार पडो" अशी सदिच्छा व्यक्त केली. विषयपत्रिकेत 'मगदूम, उतार' एवढंच वाचून ते आले होते.

विषय कळल्यावर ते गंभीर झाले. "जोतं उंच आहे ते कृष्णेच्या पुरासाठी. उतार केला तर पुराचं पाणी उतारावरून सरळ आत येईल."

टोपी हलली. "आणि पायऱ्या बघून पाणी परत जातंय व्हय? का त्याचेबी गुडघे दुखत्यात?"

"कायद्याच्या दृष्टीनं—"

"पाणी चढू नये म्हणून जोतं बांधलं. बराबर हाय. पण मानूस चढू नये असं कुणी ठरिवलं?"

मला आकडेमोड विचारली गेली. साडेचार फूट उंची, फुटाला इंच, म्हणजे लांबी चोपन्न फूट. अंगण पंचवीस फूट. तेव्हा अठरा-अठरा फुटांच्या तीन घड्या कराव्या लागतील, असं मी सांगितलं. शिवाय दादासाहेबांच्या नावाची कोनशिला मध्ये येत होती. चोपन्न फुटांचं कुणाला फारसं वाटलं नाही. कोनशिलेचं ऐकून मात्र सभा हळहळली.

"एका बाईसाठी एवढं?" एक सभासद म्हणाले.

"बाईचं नाव कुणी काढलं?" खिडकीतून आवाज आला. "तुमी म्हातारं होनार न्हाई का? तुमच्या सुना लेकरं काखंत मारून येत न्हाईत? दौलू पाण्याची घागर घिऊन रोज चढतोय, त्येला इचारा."

दादासाहेबांनी तोडगा काढला. तडजोडीत त्यांचा हातखंडा. "हे पाहा, दर शनिवारी दौलू आणि आणखी एक माणूस मगदूमबाईंना खुर्चीसकट उचलून वर आणतील. काम झालं की उचलून खाली. खर्च शून्य."

सगळ्यांनी माना डोलावल्या. टोपी खिडकीच्या आणखी जवळ आली. मग आप्पा म्हणाले, "दादासाहेब, तुमाला दर शनवारी दोघांनी उचलून कोडतात ठिवलं, तर वकिली चालंल का तुमची?"

कुणीतरी हसलं.

"ती येईल तवा आपल्या हातानं येईल. न्हाईतर येनार न्हाई." टोपी खिडकीपासून दूर गेली. ठराव पुढं ढकलण्यात आला. आमच्या मंडळाला ढकलता येत असे ती तेवढी एकच गोष्ट.

त्या संध्याकाळी मला एक शंका आली. रेल्वे शंभर फुटाला एक फूट चढते, घाटात फार तर अडीच. फुटाला इंच म्हणजे बाराला एक. या चढावर जगातलं कुठलंही साधं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसेल. मग रेल्वेत हयात गेलेल्या माणसानं हा आकडा आणला कुठून? हिशेबात अशी फट दिसली की मला झोप येत नाही. विचारायला गेलो, तर आप्पांच्या परसात रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर रचलेले आणि त्यावर लांब फळ्या टाकलेल्या. काकू खुर्चीत बसून हातांनी चाकं फिरवत फळीवर चढत होत्या. आप्पा मागं होते. हात खुर्चीपासून वीतभर लांब, पण लावलेले नाहीत.

"तीन इंचाला मागं येती," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "दोन इंचाला निम्म्यात थांबती. दीडाला चढती, पण दम लागतोय. इंचाला एकटी जाती."

"चार वर्सं माझी परीक्षा घेतायत," काकू वरून म्हणाल्या. "आणि निकाल ह्यांनीच गावभर सांगत फिरायचा."

मला माझ्या मोरीची आठवण झाली.

पुढं वाचनालयाला कुणी दात्यानं लोखंडी कपाटं दिली. कुपवाडच्या कारखान्यातून ट्रकनं आली आणि पायऱ्यांपाशी अडली. पहिलं कपाट दुसऱ्या पायरीवरून घसरलं आणि पायरीचा टवका घेऊन खाली आलं. हमाल म्हणाले, "न्हाई जमत गड्या," आणि विड्या पेटवल्या. दौलू आप्पांकडं धावला. परसातल्या फळ्या आणि स्लीपर हातगाडीवरून आले, पायऱ्यांवर टाकले गेले आणि आप्पांच्या शिट्टीच्या तालावर सगळी कपाटं तासाभरात वर गेली.

फळ्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी दौलू घागर घेऊन फळीवरून चढला. चहावाला किटली घेऊन चढला. मुलं तर चढण्यासाठीच येऊ लागली. पेन्शनर मंडळी आधी इकडंतिकडं बघून आणि मग न बघता तिथूनच जाऊ लागली. 'एका बाईसाठी एवढं' म्हणणारे सभासद नातवाला कडेवर घेऊन फळीवरून उतरताना मला दिसले. मी नमस्कार केला. त्यांनी नातवाला पुढं केलं.

एकच माणूस त्या फळ्यांवरून जाऊ शकत नव्हता. जागेअभावी त्यांचा उतार फार खडा होता, आणि जिच्यासाठी त्या परसात पडल्या होत्या ती बाई सोप्यातच बसून उसाच्या लागवडीचं रहस्य वाचत होती. आता काकूंचा आवाजही बारीक झाला होता. एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "सगळी गेली गं वर. मीच ऱ्हायले."

यात मंडळाचं मन द्रवलं असं कुणी समजू नये. घडलं ते असं, की एका संध्याकाळी पावसाची सर येऊन गेली होती आणि ओल्या फळीवरून दादासाहेब घसरले. फार लागलं नाही. पण जिथं लागलं ते चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं, आणि पंधरा दिवस त्यांनी कोर्टात उभं राहूनच वकिली केली. पुढच्या सभेत पक्क्या दगडी उताराचा ठराव त्यांनीच मांडला. 'फुटाला इंच' हा आकडा त्यांनी स्वतः सुचवला. नगरपालिकेची परवानगी आठ दिवसांत आली. वकिलाच्या अर्जात 'उतार'ला कुणी काना दिला नाही.

बांधकामावर आप्पा दिवसभर उतार मोजायची लेव्हलची बाटली घेऊन उभे. गवंडी कुंडलचा.

"आप्पा, तुमी घरी जावा. न्हाईतर थापी तुमी घ्या, मी शिट्टी वाजिवतो."

"हितं सव्वा इंच झालाय."

"पाव इंचानं काय मरतंय?"

"मरत न्हाई कुणी," आप्पा म्हणाले. "घरी बसतंय." गवंड्यानं तेवढा भाग उकरला.

काकू ज्या दुपारी आल्या त्या दुपारी निम्मी गल्ली अंगणात होती. काकूंनी जरीकाठी इरकल नेसली होती. आप्पांनी खुर्ची उताराच्या पायथ्याशी आणली आणि हात मागं बांधून बाजूला झाले. काकूंनी चाकांना हात घातले. खुर्ची हलली तशी चौघं-पाचजण मदतीला धावले आणि आप्पांनी अशी शिट्टी फुंकली की सगळे जागच्या जागी थिजले.

"हात लावू नका कुणी!"

पहिल्या वळणावर काकू थांबल्या. घाम पुसला, पदर नीट केला, आणि दुसऱ्या घडीला लागल्या. तिसरी घडी संपली आणि खुर्ची दारातून आत गेली. दौलू खुशीत म्हणाला, "काकू, कंचं पुस्तक देऊ?"

"काय देऊ नको," काकू म्हणाल्या. "मी बघते."

त्या दोन तास बघत होत्या. आप्पा अंगणात उभेच होते. आता उतार झाला होता, तत्त्वाची अडचण नव्हती, तरी आत गेले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "तिला निवांत बघू दे."

त्यानंतर काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. पायऱ्या आहेत तिथंच आहेत, त्यांच्यावर आता लोक फक्त बसतात. माझी कंबर धरली त्या महिन्यात मीही उतारावरूनच जात होतो; कुणी विचारलं तर 'सहज' म्हणत होतो. कोनशिला उताराच्या तोंडाशी बसवली, त्यामुळं उतार दादासाहेबांनी केला असं ती कायमचं सांगेल. वार्षिक समारंभात ते म्हणालेही, "ही कल्पना माझ्या मनात फार दिवस घोळत होती." कुठल्या फळीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही.

काकू रोज दुपारी एकट्या जाऊ लागल्या. हवा तो खून स्वतः निवडून आणत. आणि आमच्या भिंतीपलीकडं जेवणाच्या वेळी शांतता पसरली. ताटवाटीचा आवाज येई, तेवढाच. दोन-तीन आठवडे हे चाललं तेव्हा माझी बायको म्हणाली, "दोघांचं काही बिनसलंय का हो?" आम्ही रेडिओ लावू लागलो.

परवा मला रजा होती म्हणून सकाळीच वाचनालयात गेलो. सकाळी तिथं दौलूशिवाय कुणी नसतं. खिडकीशेजारच्या बाकावर आप्पा बसले होते, चष्मा नाकावर, आणि मांडीवर पुस्तक. मुखपृष्ठावर रक्ताळलेला सुरा. ओठ हलवत एकेक ओळ बोटानं धरून वाचत होते.

दौलू माझ्या कानाशी लागला. "काकूंनी काल परत क्येलेलं हाय. त्यांनी आनून दिलं की मी ह्यांच्यासाठी बाजूला ठिवतो. रोज येत्यात. काकूंना इतक्यात सांगायचं न्हाई, म्हनलेत."

मी शेजारी जाऊन बसलो. आप्पा दचकले. पुस्तक लपवावं असं त्यांच्या मनात आलं असावं, पण बोट ओळीवरून निघालं असतं.

"पुस्तकं बराबर यायला लागल्यापास्नं ती भांडतच न्हाई," ते हळू म्हणाले. "वाचती, मिटती, झोपती. मला त्यातलं काय कळतंय? जेवताना बोलायला काय तरी पायजे का न्हाई, हिशेबनीस?"

मी हो म्हटलं. त्यांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. थोड्या वेळानं मान वर न करता विचारलं, "ह्यो डाक्टर लय गोड बोलतोय. ह्येच्यावर संशव घेऊ का?"

"अजून किती पानं राहिलीत?"

"निम्मी."

"मग घ्या," मी म्हटलं. "चुकला तरी चालेल. जेवताना काकू सांगतील."